पाय भिंतीला, कान कात्रीकडे

आमच्या दुकानात कामं वाटून घेतलेली आहेत. हे कापतात, मी जोडते. लग्न झाल्यापासून असंच चाललंय. दुसऱ्याच्या कामात कुणी नाक खुपसायचं नाही, असा आमचा करार आहे, आणि तो मोडला की भांडण होतं आणि त्या दिवशी एखादी बाही हमखास उलटी लागते. सगळा बाजार ह्यांना 'मास्तर' म्हणतो. मला 'वहिनी' म्हणतात आणि माझ्या तोंडाला जरा घाबरून असतात.

हे दिवसभर उभे, मी दिवसभर बसलेली. सकाळी कटिंगच्या टेबलाशी जे उभे राहतात, ते शटर खाली येईपर्यंत. माझ्यासमोर ह्या माणसाने कधी मान खाली घातली नाही, कापडासमोर मात्र ती कायमची खाली. संध्याकाळी पायमोजे काढले की पोटऱ्यांवर इलॅस्टिकची खोल खाच उमटलेली असायची आणि घोटे फुगलेले. मी म्हणायची, "अहो, अधूनमधून बसत जा." ते म्हणायचे, "बसून कात्री चालत नाही." विषय संपला.

मी ह्या दुकानात पहिल्यांदा आले ती गिऱ्हाईक म्हणून. हिरव्या मखमलीचं एक जाकीट शिवून घ्यायचं होतं. टेबलामागच्या तरुण कारागिराने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने मखमल पसरली, डोळे मिटले आणि तिच्यावरून तळवा फिरवला, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. म्हणाला, "मखमलीला लव असते. एका बाजूने हात सरकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एक बाजू उजळ दिसते, एक काळपट. डोळ्यांना लगेच कळत नाही, हाताला कळतं." मला वाटलं, जो कापडाला असा हात लावतो तो माणसांशीही तितक्याच मायेने वागत असेल. ते निम्मं खरं निघालं, आणि निम्म्यावर मी संसार केला.

तर ह्या सुरळीत चाललेल्या दुकानात एके दिवशी ओळंबा आली.

ओळंबा हे मी ठेवलेलं नाव. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोरीला लोंबतं वजन बांधतात ना, तशी ती मुलगी सरळ. आमच्या लेकीच्या वयाची असेल. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा योगाचा वर्ग चालायचा. हातात एक कुर्ता होता आणि चेहऱ्यावर वैताग.

"मास्तर, मी उलटी झाले की हा कुर्ता तोंडावर येतो. आणि पायजमा गुडघ्यापर्यंत घसरतो. काही करता येईल?"

"उलटी म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. ट्रायल रूमच्या तीन आरशांसमोर सतरंजीची घडी अंथरली, कुर्ता पायजम्यात खोचला, कोपरं जमिनीला टेकवली आणि बघता बघता पाय आढ्याकडे नेले. कसलाही आवाज नाही, धडपड नाही. तशा अवस्थेत म्हणाली, "हे असं."

माझी बॉबिन हातातून पडली. हे मात्र टेबलामागून बाहेर आले होते. त्यांच्या डोळ्यांत मी असं तेज मखमलीखेरीज कशासाठीही पाहिलं नव्हतं.

"टेप घे," ते मला म्हणाले. "आत्ताच माप घे. उभ्या माणसाचं माप इथे चालणार नाही."

मी उकिडवी बसून तिच्या घोट्यापासून कमरेपर्यंत टेप लावली. हे मान वाकडी करून विचारतायत, "वर किती आलं? म्हणजे खाली. म्हणजे आत्ता जे वर आहे ते..." मी म्हटलं, "तुम्ही नुसता आकडा लिहा, दिशा मी बघते." ओळंबा हसायला लागली आणि हसता हसता डुलायला लागली. "काकू, मला हसवू नका, उलटं असताना हसलं की पडायला होतं."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. "अगं, आपलं सगळं शास्त्र खांद्यावर उभं आहे," म्हणाले. "कापड खांद्यावरून खाली लोंबतं, म्हणून आपण कपडा खांद्यापासून मापतो. पण माणूसच उलटा झाला तर कापडाने लोंबायचं कुठून? घोट्यापासून!" त्यांनी पायजम्याला तळपायाखालून जाणारा पट्टा लावला आणि कुर्त्याच्या आतून एक बंद काढून पायजम्याला हुकाने अडकवला. ओळंबाने तो घालून पुन्हा आमच्याच दुकानात डोक्यावर उभं राहून दाखवलं. कपडा जागचा हलला नाही. ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग खाली उतरून ती बराच वेळ गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला टेकून बसली. "लगेच उठायचं नसतं," म्हणाली. "गरगरतं."

"पण ह्याने मिळतं काय?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही दिवसभर उभे असता ना? सगळं पायांत उतरतं. उलटं झालं की ते माघारी फिरतं. पाय हलके होतात, डोकं ताजं होतं, झोप चांगली लागते. आणि सांगू का, एकदा उलटं होऊन सुखरूप परत आलं की इतर कशाची फारशी भीती वाटत नाही." मग तिने बोट वर केलं. "पण हे सगळ्यांसाठी नाही. ब्लडप्रेशर आहे? डोळ्यांत दाब वाढलाय असं कुणी सांगितलंय? चक्कर? मानेचा काही त्रास?"

"नाही, नाही," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. शिंप्याच्या घरात मान दुखणं हे दुखण्यात धरत नाहीत. अंगावर दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात, बोटांना खडू लागलेला असतो, तशी मान दुखलेली असते. ह्यांची मान रोज सकाळी जुन्या ट्रंकेच्या झाकणासारखी वाजायची. रोज संध्याकाळी मी गरम टॉवेलने ती शेकायची, भाजी निवडता निवडता शेकायची. आमच्या दोघांच्या मनात क्षणभरही आलं नाही की ती मुलगी ह्याच्याबद्दल विचारतेय. मानेचा त्रास म्हणजे पट्टा घालून फिरतात तो, असं आम्ही समजत होतो.

ब्लडप्रेशर तिने खालच्या औषधवाल्याकडे मोजायला लावलं. ते उत्तम निघालं. हे वर्गात जायला लागले.

पहिले कितीतरी दिवस तिने ह्यांना उलटं होऊच दिलं नाही. सकाळी रिकाम्या पोटी जायचं आणि कोपरं, खांदे, पाठ ह्यांचेच व्यायाम करायचे. हे घरी येऊन कुरकुर करायचे. "कुत्रा आळस देतो तसं उभं करते. हात जमिनीला, ढुंगण आकाशाला. म्हणते, भार हातांवर आणि खांद्यांवर पेलता आला पाहिजे, डोकं नुसतं टेकवायचं, डोक्यावर उभं राहायचंच नाही. मग त्याला शीर्षासन कशाला म्हणायचं?"

पण खरं सांगते, तेवढ्यानेच माणूस बदलला. घोट्यांची सूज उतरली. पायमोज्यांची खाच पुसट झाली. हे कापताना शीळ घालायला लागले, तीही बेसूर. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता उपदेश करायचे, "पोट आत घेऊ नका, श्वास आत घ्या." एक लठ्ठ वकील पँटचं माप द्यायला आले होते, त्यांना ह्यांनी टेबलाला धरून कुत्र्यासारखं वाकायला लावलं. पुन्हा ते वकील आले नाहीत, पण जाताना हसत गेले. दुकानात मला इतकी मजा कधी आली नव्हती. मशीन चालवता चालवता मी ह्यांच्याकडे बघत बसायची आणि टाके वाकडे जायचे.

एवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण वर्गातली पोरं झपाझप वर जायला लागली आणि ह्यांचा जीव खालीवर होऊ लागला.

एका दुपारी बँकेतला एक कारकून नवी पँट घालून बघायला ट्रायल रूमकडे गेला. त्याने पडदा सारला आणि किंचाळला. त्याच्या नाकासमोर दोन पाय होते. तिन्ही आरशांत मिळून म्हणाल तर पायांची जत्राच. आणि खालून आवाज आला, "या, या. एक मिनिटात उतरतो. कंबर सैल वाटतेय का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांचं मस्तक खाली होतं, त्यामुळे ह्यांची आग कुठून कुठे जात असेल ते कळत नव्हतं. भिंतीला पाठ लावून, कोटांसाठी आणलेल्या खांद्याच्या पॅडांचा ढीग डोक्याखाली घेऊन महाराज उभे होते. खिशातला खडू, टाचण्या, चष्म्याचं घर, सगळं जमिनीवर सांडलेलं.

"तिने सांगितलंय का हे करायला?" मी विचारलं.

"तिनेच तर शिकवलंय. आणि मागे भिंत आहे, खाली मऊ गादी आहे. तू बस मशीनवर. तुझं रक्त त्या खुर्चीतच गोठलंय." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, आणि इथे तर चोरही उलटाच.

मी बडबडले खूप, पण मनातून हसूही येत होतं. लाल झालेला तो चेहरा, विस्कटलेले पांढरे केस, आणि कुणाचातरी पतंग काटल्यासारखा आनंद. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग रोज दुपारी डबा खाण्याआधी ट्रायल रूमचा पडदा ओढला जायचा आणि मी बाहेर गिऱ्हाइकांना थोपवून धरायची.

त्यानंतर ह्यांच्या हातून वस्तू पडायला लागल्या. खडू पडायचा. एकदा चहाचा ग्लास पडला. मी म्हटलं, "सगळं रक्त डोक्यात गेल्यावर हातात काय उरणार?" आम्ही दोघं हसलो. कात्रीचा आवाज अधूनमधून अडखळतोय, हेही माझ्या कानांना कळत होतं, पण कान काय सांगतायत ते मी ऐकून घेतलं नाही.

त्याच सुमाराला शहरातल्या एका गाणाऱ्या बाईंनी आमच्याकडे लांब कोट शिवायला टाकला. मोठ्या रंगमंचावर गायच्या होत्या. पिकलेल्या द्राक्षाच्या रंगाची मखमल त्यांनी स्वतः निवडून आणली होती आणि जवळजवळ पायघोळ कोट त्यांना हवा होता. "समोरून दिवे अंगावर पडणार आहेत, मास्तर," त्या म्हणाल्या होत्या. हे म्हणाले होते, "पडू द्या."

ह्यांनी पुढचे दोन भाग कापून माझ्याकडे दिले. मी ते दोन्ही हातांत धरून खिडकीशी नेले. एक भाग उजळ होता, एक गडद. मला वाटलं उजेडाचा खेळ असेल. मी जागा बदलली. तरीही एक उजळ, एक गडद. मी हात फिरवला. एकाची लव खाली, दुसऱ्याची वर.

अख्ख्या जन्मात ह्या माणसाने ही चूक केली नव्हती. शिकाऊ करतो ती चूक.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? एक भाग उलटा कापलाय!"

"शक्य नाही," म्हणत ते आले. त्यांनी डोळे मिटले आणि उजवा तळवा मखमलीवरून फिरवला. वरून खाली. खालून वर. मग पुन्हा. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"मला कळत नाहीये," ते म्हणाले. "दोन्हीकडून सारखंच लागतंय."

कोट गेला चुलीत. मी त्यांचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं एक एक करून चिमटली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. "हे लागतं? हे?" ते नाही म्हणून मान हलवत होते. बऱ्याच दिवसांपासून मुंग्या येत होत्या म्हणे. मला सांगितलं असतं तर मी शीर्षासन बंद केलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचून बघितल्या, हात पिळून बघितले. "मानेतली नस दबलीय. डोक्यावर भार घेताय का?"

ह्यांनी सांगितलं.

"मान किती दिवसांपासून दुखतेय?"

"मान कुठे दुखतेय?" हे म्हणाले. "ती आपली नेहमीचीच आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी रोज शेकते की." त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, वेळेवर आलात. हात परत येईल असं वाटतं, पण वचन देत नाही. विश्रांती, औषध, सांगू तेवढाच व्यायाम. तोपर्यंत कात्री बंद. डोक्यावर उभं राहणं कायमचं बंद.

घरी येताना हे उजवा हात खिशात घालून चालत होते. मला दुकानाची काळजी नव्हती. दुकान बंद पडलं असतं तर मी घरी बसून परकर शिवले असते. पण डोळे मिटून कापड ओळखणाऱ्या त्या हातावर मी भाळले होते. तो हात मुका झाला तर त्याच्यामागचा माणूस कसा जगेल, ह्या विचाराने मला रस्त्यातच रडू फुटलं. ते म्हणाले, "नाक पूस. लोक बघतायत."

वर्गात हे दिसेनात म्हणून ओळंबाच दुकानात आली. सगळं ऐकून घेतलं. ती चिडली की तिचा आवाज खाली जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी तुम्हाला वर जायला सांगितलं होतं?"

"नाही."

"कशावर उभे होतात?"

ह्यांनी खांद्याचं पॅड दाखवलं. तिने ते दाबून बघितलं. "एवढं मऊ? ह्यात डोकं रुततं, डगमगतं, आणि तो सगळा झोल मानेला सांभाळावा लागतो. मास्तर, ह्यापेक्षा नुसती फरशी परवडली असती. आणि मी विचारलं होतं ना तुम्हा दोघांना, मानेचा त्रास आहे का?"

"आमच्यात त्याला त्रास म्हणत नाहीत," हे ओशाळून म्हणाले. "ती मानच आहे आमची."

ती माझ्या खुर्चीवर बसली. मग आधी तिचे खांदे हलायला लागले, मग ती खदखदून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हीही हसलो. काय करणार? त्या दिवसापासून ती वर्गात नव्याने येणाऱ्याला काय दुखतं असं विचारत नाही. विचारते, "दिवसभर काय काम करता, आणि संध्याकाळी घरचे तुमचं काय काय चेपून देतात?"

मग ती म्हणाली, "उलटं म्हणजे डोक्यावरच, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने डॉक्टरांना आमच्यासमोरच फोन लावून परवानगी घेतली आणि खिडकीखालच्या भिंतीशी सतरंजी अंथरली. ह्यांना आडवं झोपवलं, कमरेखाली घडी केलेली जाड चादर सरकवली आणि दोन्ही पाय भिंतीवर सरळ वर टेकवले. मान जमिनीवर सपाट, हात बाजूला मोकळे. "झालं," म्हणाली. "हेही उलटंच. पाय वर, काळीज खाली. बोटांना मुंग्या आल्या, मान ओढली, डोळ्यांत जड वाटलं तर लगेच खाली यायचं. उतरताना कुशीवर वळायचं, मग बसायचं. आणि जेवल्यावर नाही."

"एवढंच?" ह्यांनी छताकडे बघत विचारलं. "हे तर झोपणं झालं."

"एवढंच. काकू, आता तुम्ही."

मी म्हटलं, मला काही त्रास नाही. तिने नुसतं बघितलं. मी जीभ चावली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत माझं अंग काय काय बोलतं ते सांगितलं. बरंच निघालं. औषधवाल्याकडे माझं ब्लडप्रेशर चढलेलं निघालं, तेव्हा आधी डॉक्टर, मग गोळी, आणि तोवर मला पाय भिंतीऐवजी खुर्चीवर ठेवून पडायची परवानगी मिळाली. म्हणजे ह्यांच्या उलटं होण्याने माझंही एक दुखणं सरळ झालं, पण हे मी त्यांच्यापुढे कबूल करणार नाही.

आता राहिला कोट. गाणाऱ्या बाईंचा कार्यक्रम तोंडावर आला होता, तसली मखमल बाजारात पुन्हा मिळेना आणि कापणारा माणूस भिंतीला पाय लावून पडलेला. मी उरलेली मखमल टेबलावर मांडून डोक्याला हात लावून उभी होते. पाठीचा मोठा भागही कापून झाला होता आणि तोही उलटाच निघाला होता; ते दोन्ही पुन्हा सुलटे कापायचे तर कापड पुरत नव्हतं. तोच हिशोब मनात पुन्हा पुन्हा मांडत होते.

एवढ्यात जमिनीवरून आवाज आला. "आपण दोन तुकडे उलटे कापले म्हणून रडतोय ना?"

"मग काय नाचू?"

"बाकीचे सगळे उलटे कापले तर?"

मी वाकून खाली बघितलं. ते छताकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत ते जुनं तेज आलं होतं. "माझे वस्ताद सांगायचे. मखमलीची लव वर ठेवली की रंग खोल दिसतो. बसण्याउठण्यात ती घासते, म्हणून रोजच्या कपड्याला आपण तशी कापत नाही. पण ह्या बाई बसणार कुठे आहेत? त्या उभ्या राहून गाणार. सुलटा जो भाग आहे, तो मोडून त्यात कॉलर आणि बाह्यांचे काठ काढ. छोटे तुकडे कसेही फिरवता येतात. कापड पुरेल."

मी मनातल्या मनात जुळवून बघितलं. पुरत होतं.

"कापणार कोण?" मी विचारलं.

"तू."

करार मोडला. मशीनवर मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण कात्रीने कापलेलं परत जुळत नाही. ते म्हणाले, "तू काप, मी ऐकतो." आणि खरंच त्यांनी ऐकून कोट कापून घेतला. पाय भिंतीला, डोळे मिटलेले, कान माझ्या कात्रीकडे.

"खडू मागच्या बाजूने मार, मखमलीच्या अंगावर नको... हात फिरवून बघ, लव वर आहे?... आता चालव... कात्री टोकापर्यंत मिटू नकोस, कडेला दात पडतात... थांब. घाबरलीस. श्वास घे, मग पुढे जा... हां. आता वळण आलं. कापड हलवू नकोस, तू हल."

"तुम्हाला कसं कळलं वळण आलं ते?"

"आवाज आखडला."

बाही कापून झाली तेव्हा मला घाम फुटला होता. ते म्हणाले, "बरी कापतेस." लग्नानंतर इतकं मोठं कौतुक मला पहिल्यांदाच मिळालं.

कार्यक्रमाला आम्ही दोघं शेवटच्या रांगेत बसलो होतो. बाई आल्या, दिवे पडले आणि कोट असा काही खुलला की माझ्या शेजारची अनोळखी बाई "अगं बाई!" म्हणाली. मी ह्यांना कोपराने ढोसलं. गाणं संपल्यावर बाई भेटल्या, म्हणाल्या, "मास्तर, मी आणला होता त्याहून हा रंग खोल दिसतो." माझ्या ओठांवर सगळी हकीकत आली होती, पण हे अगदी गंभीरपणे म्हणाले, "मखमल जरा उलटी घ्यावी लागते, बाई." मी खोकल्याचं सोंग करून बाहेर पळाले.

तर आता रोज दुपारी शटर अर्धं खाली येतं. डबा खाण्याआधी आम्ही दोघं खिडकीखाली पडतो. ह्यांचे पाय भिंतीला, माझे आता गोळीच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या परवानगीने त्यांच्या शेजारी. बाहेरून जाणाऱ्याला शटरखालून आमचे पाय दिसत नाहीत, डोकी दिसतात, आणि बाजारात ह्यावरून बरंच बोललं जातं. बोलू देत. माझे पाय दुखायचे थांबलेत आणि मला हसू लवकर येतं.

ह्यांचा हात हळूहळू परत येत होता. खडू पडायचा थांबला. अंगठा आधी जागा झाला, मग तर्जनी. पण मला पुरती खात्री हवी होती. म्हणून मी कोटाच्या चिंध्यांतून चौकोन कापले आणि जोडून एक पट्टी केली. कुणाची लव वर, कुणाची खाली, कुणाची आडवी. पाय भिंतीला लावले की मी ती त्यांच्या उजव्या हातात द्यायची आणि ते डोळे मिटून ओळखायचे. आधी अंदाजाने सांगायचे आणि चुकायचे. मी पट्टी उसवून क्रम बदलायची, म्हणजे पाठ करून लबाडी करायला नको.

काल मी त्या पट्टीच्या शेवटाला एक नवीन चौकोन जोडला. काही सांगितलं नाही.

"वर," ते म्हणाले. "खाली. खाली. आडवी, डावीकडे. वर." एकही चुकलं नाही. मग बोट शेवटच्या चौकोनावर गेलं आणि थांबलं. त्यांनी तळवा वरून खाली फिरवला, खालून वर फिरवला.

"ही कोटाची नाही," ते म्हणाले. "ही जुनी आहे. लव झिजलीय. कोपराशी झिजते तशी."

मी छताकडे बघत राहिले.

एकदम त्यांनी डोळे उघडले. "अगं, हिरवं जाकीट! तू जाकीट कापलंस? चांगला कपडा कापलास? अक्कल गहाण टाकलीस का? बाहीला कात्री लावताना हात कसा धजला तुझा? मी शिवलेलं होतं ते!"

ते रागाने लाल झाले होते आणि बोलतच होते. पट्टी त्यांनी मुठीत गच्च आवळून धरली होती, उजव्या मुठीत. मला इतका आनंद झाला होता की रडू आवरेना. रडताना पाणी गालांवरून खाली येतं हे मला माहीत होतं. पाय वर करून पडलेलं असताना ते कानात जातं. दोन्ही कान भरल्यामुळे त्यांचं पुढचं ओरडणं मला काही ऐकू आलं नाही.